अ‍ॅटॉमिक फोर उतरवून विजेची मोटर: २७ फुटी शिडाच्या बोटीचा खरा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७६ सालची कॅटलिना २७ ही शिडाची बोट, कॅलिफोर्नियात अलामेडाच्या मरीनात उभी. आत मूळचं अ‍ॅटॉमिक फोर पेट्रोल इंजिन. ते तापलं की बंद पडतं आणि केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो, त्यामुळे घरची मंडळी बोटीवर यायला तयार नाहीत. वापर शनिवार-रविवारचा: ओकलंडच्या खाडीतून बाहेर पडायचं, सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये तीन-चार तास शिडावर फिरायचं, परत यायचं. वर्षातून एक-दोनदा बेमधलं एंजल आयलंड बेट, आणि कधीतरी बाहेर समुद्रावरच्या हाफ मून बेपर्यंत जायची इच्छा. हातात एक प्रस्ताव आहे: १० किलोवॅटचं मोटर-किट आणि गोल्फ कार्टच्या ८ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या. घ्यावा का?

गेल्या अकरा वर्षांत माझ्या स्वतःच्या बोटीसकट पाच बोटींमधली पेट्रोल इंजिनं उतरवून मी मोटरी बसवल्या आहेत, सगळ्या याच पाण्यात. माझं उत्तर: विजेवर जरूर जा, तुमचा वापर त्यासाठीच जन्माला आल्यासारखा आहे. पण हा प्रस्ताव घेऊ नका. मोटर सुचवलीय त्यापेक्षा लहान चालेल, बॅटरी मात्र पूर्ण वेगळी हवी. आणि हाफ मून बेला या बोटीतून मोटरच्या भरवशावर जायचं नाही.

आधी वासाचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. इथे ज्याला गॅस म्हणतात त्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत गळती झाली तर वाफ खाली रस्त्यावर उतरून विरून जाते. बोटीत खाली रस्ता नाही, बंद बिल्ज, म्हणजे तळाची पोकळी आहे, आणि वाफ तिथे साचून राहते. म्हणून पेट्रोलचं इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं इंजिन, सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवायचा नियम आहे. वास येतोय म्हणजे वाफ साचतेय. तुम्ही मोटर बसवा किंवा बसवू नका, तोपर्यंत प्रत्येक वेळी बिल्ज उघडून नाक खाली घालून बघा, आणि वास आला तर इंजिनाला हात लावू नका, बॅटरीचा स्विचसुद्धा फिरवू नका. ब्लोअरवर विसंबून केबिनमध्ये मुलांना झोपवू नका.

आता हिशोब. कॅटलिना २७ची पाण्याच्या रेषेवरची लांबी सुमारे २१ फूट ९ इंच आणि वजन सुमारे ३,१०० किलो. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो: लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे इथे सव्वासहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). त्याच्या जवळ जाल तशी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते आणि ताकद नुसती खर्ची पडते. त्याच्या बऱ्याच खाली राहिलात तर लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. शांत पाण्यात, तळ स्वच्छ असताना अशा बोटीला ३ नॉटसाठी ०.९ किलोवॅट, ४ नॉटसाठी २, ५ नॉटसाठी ४ आणि ६ नॉटसाठी जवळजवळ ९ किलोवॅट लागतात, असं धरून चाला. तुमच्या बोटीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चढाचा आकार हाच राहील. तीनवरून सहावर जाताना वेग दुप्पट होतो आणि वीज दहापट जाते.

पेट्रोलवर हे कधी जाणवत नाही, कारण टाकीत ऊर्जा अमाप असते. एका अमेरिकन गॅलन पेट्रोलमध्ये ३३.७ किलोवॅट-तास असतात. जुनं इंजिन त्यातलं बहुतेक उष्णता म्हणून समुद्रात सोडून देतं, पंख्यापर्यंत (प्रॉपेलरपर्यंत) पाच-सहा किलोवॅट-तास पोचतात. याउलट चांगल्यातली चांगली बॅटरी घेतली, ५१.२ व्होल्ट आणि २८० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, तर तिच्यात १४.३ किलोवॅट-तास बसतात. त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटले तर साडेअकरा. म्हणजे भरलेली बॅटरी म्हणजे जेमतेम दोन गॅलन पेट्रोल. हे वाक्य बोटीत डोळ्यासमोर चिकटवून ठेवावं अशा योग्यतेचं आहे. तुमच्याकडे कायम दोन गॅलन आहेत आणि पाण्यात कुठेही पंप नाही.

पण दोन गॅलनमध्ये किती जाता येतं ते वेगावर ठरतं. ३ नॉटने साधारण ३८ सागरी मैल, ४ नॉटने २३, ५ नॉटने १४, आणि ६ नॉटने साडेसात. बोट तीच, बॅटरी तीच. म्हणून मला कोणी विचारलं की विजेवर बोट किती जाते, तर मी उलट विचारतो की किती हळू जायची तयारी आहे. ज्यांना पाचच्या खाली जीव कासावीस होतो त्यांनी अ‍ॅटॉमिक फोर नीट करून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. १९४७ ते १९८४ या काळात चाळीस हजारांच्या आसपास निघालेलं इंजिन आहे, सुटे भाग आजही मिळतात.

तुमच्या खाडीकडे बघा. उन्हाळ्यात दुपारचा वारा पश्चिमेकडून, गोल्डन गेटमधून येतो आणि बेच्या मध्यावर २० ते २५ नॉट सहज होतो. खाडी साधारण त्याच रेषेत आहे. त्यामुळे बाहेर जाताना वारा तोंडावर आणि परत येताना पाठीवर. इंजिन तुम्हाला लागतं ते मुख्यतः जाताना, खाडीतले तीन-चार मैल. परतीला पुढचं एक शीड उघडलं तरी बोट घरी येते. सकाळी वारा उठण्याआधी चार नॉटने बाहेर पडलात तर एक तासात दोन किलोवॅट-तास खर्च. धक्क्याला लागताना पुन्हा थोडे. म्हणजे तुमचा नेहमीचा शनिवार बॅटरीच्या पाव भागात होतो. एंजल आयलंड दूर आहे, पण तिथेही सगळं अंतर कोणी मोटरवर जात नाही.

मात्र आडवा दिवस मोजून ठेवायलाच हवा. दुपारचे तीन, उधाणाची ओहोटी, २५ नॉट तोंडावर, आखूड उभी लाट, शीड फाटलेलं. अशा वेळी शांत पाण्यातले आकडे विसरायचे. ४ किलोवॅट देऊन बोट तीन नॉटसुद्धा पुढे जात नाही. एंजल आयलंडजवळच्या राकून सामुद्रधुनीत किंवा गेटखाली ओहोटी जोरात असेल तर तुम्ही जागच्या जागी उभे राहता आणि बॅटरी उतरत जाते. गोल्डन गेटखाली उधाणाची ओहोटी ४-५ नॉटने वाहते. हाफ मून बे गेटच्या बाहेर वीस मैलांहून लांब आहे आणि मधे आसऱ्याला बंदर नाही. तिकडे जायचं असेल तर शिडावर जाता येणारा दिवस निवडा, बरोबर दुसरी बोट ठेवा, आणि बॅटरी फक्त बंदरात शिरण्यासाठी आहे असं समजा. आपल्या कोळ्यांना भांगाची आणि उधाणाची भरती तिथीवरून तोंडपाठ असते. विजेच्या बोटीवर तुम्हालाही भरतीचं कोष्टक तसंच पाठ करावं लागेल. मला यात नुकसान दिसत नाही. ओहोटी पाठीशी घेऊन बाहेर आणि भरती पाठीशी घेऊन घरी, ही सवय लागली की तुम्ही पूर्वीपेक्षा चांगले खलाशी होता.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक महिना वही ठेवा. इंजिन किती वाजता सुरू, किती वाजता बंद, वेग किती, वारा कुठून. इंजिन नीट नसलं तरी चालेल, आठवणीतून मागच्या दहा फेऱ्या लिहा. माझ्याकडे आलेल्या पाचपैकी तीन मालकांनी वही बघितल्यावर मोटर लहान केली. एकाने बेत सोडून दिला, कारण तो दर महिन्याला सॅक्रामेंटो नदीच्या डेल्टात जात होता आणि तिथे तासन् तास मोटरवरच जावं लागतं.

मोटर किती? अ‍ॅटॉमिक फोरच्या पाटीवर ३० अश्वशक्ती आहे, म्हणजे २२ किलोवॅट. त्याने घाबरू नका. बहुतेक अ‍ॅटॉमिक फोर फेऱ्या कमी न करता थेट शाफ्टला (पंखा फिरवणाऱ्या दांड्याला) जोडलेली असतात आणि पंखा त्यांना पूर्ण फेऱ्यांपर्यंत जाऊच देत नाही, त्यामुळे ती ताकद तुम्ही कधी वापरलेलीच नाही. सतत ५ ते ६ किलोवॅट देणारी ४८ व्होल्टची ब्रशलेस मोटर या बोटीला पुरते. १० किलोवॅटची वाईट नाही, पण ती पूर्ण चालवाल तर तासाभरात बॅटरी संपेल. वाचलेले पैसे बॅटरीत आणि पंख्यात घाला.

लेड-अ‍ॅसिडला माझा विरोध अनुभवातून आहे. ६ व्होल्टच्या ८ गोल्फ-कार्ट बॅटऱ्या म्हणजे २२५ किलोच्या आसपास वजन. कागदावर १०.८ किलोवॅट-तास. पण आयुष्य टिकवायचं तर अर्धेच वापरायचे. आणि कागदावरचा आकडा २० तासांत हळूहळू रिकामी केल्यावरचा असतो. तुम्ही ८० अँपिअर ओढाल तेव्हा त्यातलंही बरंच हाती लागत नाही. माझ्या पहिल्या बोटीत मी हेच बसवलं होतं. दुसऱ्या हंगामात परतीच्या वाटेवर, ओकलंड बंदरात कंटेनर जहाज वळत असताना, व्होल्टेज कोसळलं. शीड वर होतं म्हणून बाजूला होता आलं. त्या दिवसापासून मी कोणालाही ते सुचवलेलं नाही, आणि मोटर चालू असली तरी खाडीत मोठं शीड उघडायला तयार ठेवल्याशिवाय निघत नाही.

लिथियममध्येही आयर्न फॉस्फेटच घ्या. विजेच्या गाडीतून काढलेले जुने मॉड्यूल स्वस्त मिळतात, पण त्यातले बरेच वेगळ्या रसायनाचे असतात आणि ते फॉस्फेटपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतात. मी ते बोटीत ठेवत नाही. फॉस्फेटचे १६ सेल, प्रत्येकी साडेपाच किलोच्या आत, खोक्यासकट शंभरेक किलो. इंजिन, टाकी आणि पेट्रोल मिळून त्याहून जास्त वजन बाहेर जातं. बॅटरी जुन्या इंजिनाच्या जागी, शक्य तितकी खाली आणि मध्यरेषेवर बसवा, म्हणजे बोट पूर्वीसारखीच पाण्यात बसेल. खोकं पट्ट्यांनी नव्हे, तळाशी लॅमिनेट केलेल्या चौकटीत बोल्टने बांधा. बोट ४० अंश कलल्यावर शंभर किलो सरकले तर काय होईल याचा विचार करून बांधा.

या सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम पडतं. त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती शिल्लक ते कळत नाही. शंट (करंट मोजण्याची पट्टी) आणि अँपिअर-तास मोजणारा मॉनिटर लागतोच. बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) धोक्यात सगळा वीजपुरवठा तोडून टाकतो. ते बॅटरीसाठी चांगलं, पण अरुंद जागेत तुमच्यासाठी वाईट. असा बीएमएस घ्या की जो तोडण्याआधी गजर देतो आणि शक्य असेल तर मोटरची ताकद आधी उतरवतो.

आता यांत्रिक बाजू. किट विकणारे यावर कमी बोलतात आणि माझ्या कामातला निम्मा वेळ इथेच जातो.

पंखा पाणी मागे ढकलतो, तेव्हा शाफ्ट बोटीला पुढे ढकलतो. हा सगळा रेटा आजवर अ‍ॅटॉमिक फोरचा रिव्हर्स गिअर झेलत होता. इंजिन उतरलं की तो झेलणारं कोणी उरत नाही. मोटरचं बेअरिंग या कामासाठी बनवलेलं नसतं. म्हणून शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग हवं, आणि तेही बोटीच्या तळाशी पक्कं बांधलेल्या चौकटीवर. तुम्हाला दिलेल्या प्रस्तावात हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर विचारा, आणि उत्तर अडखळत आलं तर दुसरीकडे जा. एका मालकाने स्वतः बसवलेल्या बोटीत ते नव्हतं. पुढे-मागे गिअर करताना शाफ्ट सरकायचा आणि दातेरी पट्टा पुलीच्या काठावर चढायचा. तीन पट्टे त्याने बदलले, कारण कळायच्या आधी.

दुसरं, मोटर थेट शाफ्टला जोडू नका. मोठा पंखा हळू फिरवणं हे लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा नेहमी कार्यक्षम. दातेरी पट्ट्याने दोनास एक असं प्रमाण करा आणि पंखा सुमारे हजार फेऱ्यांत काम करेल असा निवडा. अ‍ॅटॉमिक फोरसाठीचा लहान दोन पात्यांचा पंखा यासाठी चुकीचा आहे. तळ आणि पंख्याचं टोक यांच्यात व्यासाच्या किमान दहा टक्के जागा ठेवून बसेल तेवढा मोठा, तीन पात्यांचा घ्या. मोटर कुठल्याही दिशेने फिरते, त्यामुळे पंखा डावा की उजवा याची काळजी नाही. फक्त मागे जाताना बोटीची शेपटी आता कुठल्या बाजूला सरकते ते मोकळ्या पाण्यात आधी शिकून घ्या, मगच धक्क्याला लावा.

तिसरं, रेषा जुळवणं. शाफ्टच्या दोन तबकड्या समोरासमोर आणून फीलर गेजने चारही बाजूंनी फट मोजायची. १०० मिलिमीटरच्या तबकडीला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. हे काम बोट पाण्यात असतानाच करायचं, कारण जमिनीवर ठोकळ्यांवर ठेवलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो. पेट्रोल इंजिनाच्या थरथरीत वाकडा शाफ्ट लपून जात असे. मोटरच्या शांततेत त्याची प्रत्येक खरखर ऐकू येते, आणि प्रत्येक खरखर म्हणजे वाया गेलेले वॉट.

विजेचं काम थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही जाणकाराकडूनच करून घ्यावं. ६ किलोवॅट म्हणजे ४८ व्होल्टवर १२५ अँपिअर. ५० चौरस मिलिमीटरची, टिन चढवलेली तांब्याची केबल. बॅटरीच्या अगदी जवळ क्लास-टी फ्यूज. स्वस्त फ्यूज नको, कारण लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देते आणि साध्या फ्यूजमध्ये ठिणगी तशीच जळत राहते. कंट्रोलरच्या (मोटरची वीज सांभाळणाऱ्या पेटीच्या) आधी प्रीचार्जची, म्हणजे आधी थोडा करंट सोडून हळूहळू भरण्याची सोय, नाहीतर स्विच टाकताक्षणी त्याचे संपर्क जळतात. इंजिन गेल्यावर अल्टरनेटरही गेला हे लोक विसरतात. दिवे आणि रेडिओची १२ व्होल्टची बॅटरी भरायला विलगीकरण असलेला ४८ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा, आणि ४८ व्होल्टची ऋण तार मोटरच्या सांगाड्याला किंवा शाफ्टला जोडू नका. नाहीतर गंज पंखा खाऊन टाकतो. विमा कंपनीला आधी लेखी कळवा. त्यांचा सर्व्हेयर एबीवायसीची (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची) मानकं घेऊन येतो: विजेच्या प्रणोदनासाठी ई-३०, लिथियम बॅटऱ्यांसाठी ई-१३. जो काम करणार त्याने ही दोन्ही वाचलेली असावीत.

मरीनातला ३० अँपिअरचा, १२० व्होल्टचा सॉकेट पुरेसा आहे. एक किलोवॅटचा चार्जर रिकामी बॅटरी रात्रभरात भरतो. आठवडाभर बोट उभी राहणार असेल तर १०० टक्क्यांवर ठेवू नका, साठ-सत्तरवर ठेवा आणि आदल्या रात्री भरा.

शिडावर जाताना पाण्याच्या जोराने पंखा फिरून वीज परत मिळते असं किटच्या जाहिरातीत असतं. मिळते, पण या आकाराच्या बोटीला पाच नॉटखाली नावापुरती, आणि बोट हळू होते ती वेगळी. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. त्यापेक्षा एक खरा फायदा सांगतो, जो जाहिरातीत नसतो. वारा मेला, शीड लोंबू लागलं, तेव्हा फक्त ४००-५०० वॉट सोडा. बोट दोन-अडीच नॉटने सरकते, त्या सरकण्यानेच शिडावर वारा लागतो, शीड भरतं आणि दोन्ही मिळून साडेतीन होतात. पेट्रोल इंजिनावर हे करायला कोणी जात नाही, आवाजाने सगळी मजा जाते. कायद्याने मात्र मोटर फिरत असेपर्यंत तुम्ही यांत्रिक जहाज आहात. शीड वर असलं तरी वाट मिळण्याचे शिडाचे हक्क त्या वेळी तुम्हाला नाहीत, आणि रात्री दिवेही मोटरबोटीचेच लागतात. आवाज नसल्यामुळे कयाकवाले आणि पोहणारे तुम्हाला ऐकत नाहीत, हे मरीनात शिरताना लक्षात ठेवा.

मुंबईतून हे वाचणाऱ्यांसाठी एक फरक. वरचा सगळा हिशोब किनाऱ्याच्या विजेवर उभा आहे. गेटवेसमोर मूरिंगवर उभ्या बोटीला ती मिळत नाही. तिथे शंभर किलोची बॅटरी बसवण्यापेक्षा उचलून घरी नेता येईल अशा बॅटरीचं विजेचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगायचं यंत्र) बघा. हे काही कालचं खूळ नाही. गुस्ताव त्रुव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसला सीन नदीवर विजेचं आउटबोर्ड चालवलं होतं, पेट्रोलची आउटबोर्ड बाजारात रुळण्याच्या कितीतरी आधी.

खर्चाचं स्पष्ट बोलतो. सगळं नीट केलंत तर तो तुमच्या बोटीच्या आजच्या बाजारभावापेक्षा जास्त होईल आणि विकताना परत मिळणार नाही. पुढची सात-आठ वर्षं हीच बोट ठेवायची असेल तरच करा.

इंजिन उतरवण्याच्या दिवशी दोन गोष्टी अर्धवट सोडू नका. पेट्रोलची टाकी, नळ्या आणि डेकवरचं भरण्याचं तोंड, तिन्ही काढा. टाकी काढून तोंड तसंच ठेवलं, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती बोट असताना इंधनाच्या धक्क्यावर त्यात नळी घातली जाईल आणि पेट्रोल थेट बिल्जमध्ये उतरेल. तसंच इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचं आणि एक्झॉस्टचं भोक बूच मारून बंद करू नका, बोट बाहेर काढलेली असतानाच फायबरग्लासने कायमचं भरून घ्या.

आणि उतरवलेलं अ‍ॅटॉमिक फोर भंगारात देऊ नका. त्याचा कार्बोरेटर, रिव्हर्स गिअर, स्टार्टर यांना अजून गिऱ्हाईक आहे. ते गोड्या पाण्याने थंड होणारं असेल तर आतलं बीडही शाबूत निघायची शक्यता चांगली. आपल्याच मरीनात एखाद्याचं तेच इंजिन सुट्या भागावाचून अडलेलं असतं, आधी तिथे विचारा.